तळघरात माल ठेवायचा तर परवानगी घेऊनच

माझं भांड्यांचं दुकान पांढरकवड्यात आहे. कापूस विकून शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की लग्नाची खरेदी निघते, त्यामुळे गुंड, गंज, कोपर, पराती असा आंदणाचा माल आधीच भरून ठेवावा लागतो. नागपूरहून गाडी आली की अर्धा माल दुकानात आणि अर्धा घरच्या पडवीत जातो. आमच्या संकुलाचं तळघर मात्र रिकामंच आहे. ते साठवणुकीसाठी वापरायला रीतसर परवानगी मागायचं मी ठरवलं, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "ताई, कशाला अर्ज करता? माल ठेवा अन् शटर ओढा. विचारायला गेलं की माणूस अडकते."

हा सल्ला बाजारात सगळेच देतात आणि मला तो धोक्याचा वाटतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात भिंतीला हात न लावता जागेचा नुसता वापर बदलला तरी परवानगी लागते. आणि नियम आडवे येतात असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली तळघरात सहसा न जळणारा माल ठेवायला मुभा देते. मंजूर नकाशात ती जागा पार्किंगची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नकार मिळाला तर तो योग्यच, नाहीतर गाड्या रस्त्यावर येतील.

चोरून वापरलेलं तळघर कुणी तपासत नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. कागदावर ती जागा पार्किंगची आणि साठवणुकीची होती, प्रत्यक्षात तिथे वाचनालय चालत होतं. आयुष्य घडवायला घरापासून लांब गेलेली ती मुलं होती. म्हणून नुसती परवानगी पुरेशी नाही. दर वर्षी पावसाच्या आधी कुणीतरी खाली उतरून बघितलं पाहिजे.

आपल्याकडे तर ते जास्तच गरजेचं आहे. जमीन काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तळघराच्या भिंती हा ताण सोसत असतात. आमच्या तळघरात एका भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागला आहे, बोटानं खरवडलं की पांढरी भुकटी पडते. नकाशात हे कुठून दिसणार? भिंतीची दुरुस्ती, रस्त्याचं पाणी अडवणारा उंच उंबरा, पाणी उपसायला पंप, हवेला झरोके, माल जमिनीपासून वर फळ्यांवर, एवढं झाल्याशिवाय मी तिथे एक वाटीही ठेवणार नाही. स्टील जळत नाही हे खरं, पण ते ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतं ती जळतात. तेव्हा खोकी वरच सोडायची आणि आग विझवायचं सिलिंडर पायऱ्यांजवळ लावायचं.

कापूस, सरकी, फटाके, फवारणीची औषधं खाली नकोतच. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या बाटल्या हवा न खेळणाऱ्या जागेत कोंडायला माझा विरोध राहील, मग दुकानदार माझा नातलग का असेना.

अर्ज नियमात बसत असेल आणि साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो. मला तशी परवानगी नको. कुणीतरी ती भिंत बघावी आणि काय ठेवायचं, काय नाही, माणसं बसवायची नाहीत, हे लिहून द्यावं. तो कागद मी शटरवर लावीन.

मी भाडेकरू आहे, पण मालकांनी अर्जावर सही केली आहे आणि मोजमापाला अभियंता येणार आहे. शेजारच्या दुकानदारांनीही आपापल्या तळघरांचे अर्ज सोबतच करावेत. नगरपरिषदेलाही एकाच फेरीत सगळी तळघरं बघता येतील.