राजाचा प्रतिनिधी, पण निवड शहराची

ब्रिटनमध्ये परगण्यांत आणि काही शहरांत राजाचा प्रतिनिधी म्हणून एक लॉर्ड लेफ्टनंट असतो. राजघराण्यातले कोणी आले की तो स्वागत करतो, स्वयंसेवी संस्थांना राजाच्या नावाचे पुरस्कार देतो. नव्या नागरिकांच्या शपथविधीला तो किंवा त्याचा सहकारी हजर राहतो. हे शपथविधी २००४ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात सुरू झाले. तिकडे नागरिकत्व घेणाऱ्या मराठी माणसांनाही राजनिष्ठेची शपथ अशाच समारंभात घ्यावी लागते. पद बिनपगारी आणि आज सत्ताहीन आहे. आठव्या हेन्रीच्या काळात ते निर्माण झाले ते मात्र स्थानिक फौज उभी करण्यासाठी. फौजेवरचा हा अधिकार १८७१ मध्ये गेला आणि उरला तो मान.

निव्वळ मानाचे हे पद रद्दच करा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मात्र पदाकडे मानाखेरीज काही नसेल, तर तो मान कोणाला मिळतो यातच त्याचा सारा अर्थ येतो. ब्रिस्टलचे उदाहरण घ्या. गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेले हे शहर. २०२० मध्ये तिथल्या निदर्शकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोलस्टन याचा पुतळा उखडून बंदरात टाकला. त्याच शहरात २०१७ मध्ये पीचेस गोल्डिंग या कृष्णवर्णीय महिला राजसिंहासनाच्या प्रतिनिधी झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय स्त्री. ही निवड उत्तम होती, पण ती ब्रिस्टलकरांनी केलेली नव्हती. पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजा किंवा राणी नेमणूक करते आणि साधारणपणे पंच्याहत्तरीपर्यंत ती टिकते. चांगली व्यक्ती मिळाली हे शहराचे भाग्य. ती न मिळती, तर विचारणार कोणाला?

याला पर्याय ब्रिटनमध्येच आहे. एडिनबरा, ग्लासगो, ॲबरडीन आणि डंडी या चार स्कॉटिश शहरांत नगरसेवकांनी निवडलेला लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे तिथला महापौर, पदसिद्ध लॉर्ड लेफ्टनंट असतो. लंडनच्या जुन्या सिटीतही या कामासाठीच्या मंडळाचे प्रमुखपद दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या लॉर्ड मेयरकडे असते. म्हणजे राजाचा मान आणि निवडणूक यांचे वावडे नाही.

यावर गंभीर आक्षेप असा की निवडून आलेला माणूस पक्षाचा असतो, आणि राजाचा प्रतिनिधी पक्षातीत हवा. राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर, १२ सप्टेंबर २०२२ रोजी, एडिनबराच्या होलीरूड राजवाड्यात लॉर्ड प्रोव्होस्ट रॉबर्ट ऑल्ड्रिज यांनी नव्या राजापुढे शहराच्या किल्ल्या धरल्या. ते लिबरल डेमोक्रॅट आहेत, पण त्या विधीत पक्षाला जागाच नव्हती. किल्ल्या शहराच्या होत्या. सत्ता नसल्यामुळेच इथे पक्षाला लाटण्यासारखे फारसे उरत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. नगरसेवकांतूनच निवड झाली, तर गोल्डिंग यांच्यासारखी राजकारणाबाहेरची व्यक्ती पुढे येणार नाही. म्हणून स्कॉटलंडची पद्धत जशीच्या तशी उचलू नये. ब्रिस्टलसारख्या शहरांत कोणाही नागरिकाचे नाव नगरपरिषदेने खुल्या सभेत चर्चा करून सुचवावे, मुदत पाच वर्षांची ठेवावी आणि नेमणुकीचा शिक्का राजाचा असावा.