आडोसा हवा, अडसर नको

परसदारी दोरीवर कपडे वाळत घालायचे, नळाखाली चार भांडी विसळायची, न्हाल्यावर केस मोकळे सोडून घटकाभर उन्हात बसायचे. गृहिणीच्या दिवसातले हे थोडेसे निवांत क्षण. पण शेजारच्या बैठ्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली की हे क्षण हरवतात. कोणी मुद्दाम पाहत असेलच असे नाही. कोणी पाहू शकते, ही जाणीवच पुरेशी असते. मग पदर सावरत, घाईघाईने काम उरकून ती आत येते. घर आपले, अंगण आपले, पण वावरण्याची मोकळीक मात्र गेलेली!

कोलकात्यातील बेहाला भागात अनेक कुटुंबांना आज हा अनुभव येतो आहे. १९८४ साली कोलकाता महापालिकेत आलेला हा भाग. पूर्वी येथे घरामागे तळे, बांबूचे बेट, केळी आणि नारळ असत. जवळच्या ठाकुरपुकुर या नावातला 'पुकुर' म्हणजे तळेच. घराच्या मागच्या दाराला बंगालीत 'खिडकी' म्हणतात आणि त्या दाराशी बायकांच्या वापरासाठी असलेल्या तळ्याला 'खिडकी पुकुर'. झाडी आणि पाणी हाच तेव्हाचा आडोसा होता. उरलेले काम बांबूच्या कामट्यांचे कुंपण करीत असे. आपल्या कोकणात गडगा आणि वई करतात, तसेच.

आता झाडी विरळ झाली. बांबू दोन-चार पावसाळ्यांत कुजतो, वाळवी लागते. पत्रा गंजतो. विटांची भिंत ओल धरते आणि तिला लोणा लागतो. त्यामुळे परदेशात घरोघरी दिसणारे विनाइलचे कुंपण आपल्याकडेही घालावे का, असा विचार मनात येतो. विनाइल म्हणजे पीव्हीसी. आपल्या नव्या खिडक्यांच्या पांढऱ्या चौकटी ज्या जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात, त्याच जातीचे. ते कुजत नाही, गंजत नाही, वाळवी त्याला खात नाही आणि रंगही द्यावा लागत नाही. पण पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी पारखून घ्यायला हव्यात.

आधी नजर मोजा

सहा फुटी कुंपण तळमजल्यावरची नजर बऱ्यापैकी अडवते, वरची नाही. समजा, शेजारची इमारत कुंपणापासून चार फुटांवर आहे आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पंधरा फुटांवर आहेत. अशा वेळी कुंपणाला लागून जेमतेम अडीच फुटांची जमीन झाकली जाते. पलीकडचे सारे अंगण दिसतच राहते. दोरी आणि नळ यांच्यावर मांडव घालून कृष्णकमळ, मधुमालती किंवा दुधी भोपळ्याचा वेल चढवला तर वरची नजर अडते. कुंपण बाजूसाठी, मांडव वरसाठी, एवढे लक्षात ठेवले म्हणजे खर्च वाया जात नाही.

खांब भक्कम तर कुंपण भक्कम

घराच्या आत छताला आणि भिंतीला लावण्याच्या पीव्हीसीच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, म्हणून त्याच बाहेर लावण्याचा मोह होतो. तो टाळा. उन्हाला तोंड देणारी द्रव्ये त्यांत पुरेशी नसतात. त्या पिवळ्या पडून तडकतात. माल बाहेरच्या वापरासाठीच बनवलेला आहे ना, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या.

विनाइलचे खांब आतून पोकळ असतात. नुसत्या खांबावर भिस्त ठेवू नका. आत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घाला. बेहालाची माती गाळाची आणि मऊ असते. म्हणून सहा फूट उंचीसाठी खांब निदान अडीच ते तीन फूट जमिनीत जायला हवा. खड्डा फूटभर रुंद खणून तळाशी खडीचा थर द्यावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी असे काँक्रीट भरावे. वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता ठेवावा, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही. दोरी लावून रांग साधावी आणि प्रत्येक खांब दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आहे ना ते पाहावे. दोन खांबांत सहा फुटांपेक्षा जास्त अंतर नको. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारावे आणि मगच फळ्या चढवाव्यात.

विनाइल उन्हात वाढते, थंडीत आकसते. आठ फुटांची आडवी पट्टी हिवाळ्याच्या पहाटेपासून वैशाखाच्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटरने लांबू शकते. म्हणून खाचेत थोडी जागा सोडावी आणि स्क्रू आवळून टाकू नयेत. नाहीतर फळ्यांना बाक येतो.

वारा, पाणी आणि डास

बंगालमधली चैत्र-वैशाखातली वादळे, म्हणजे 'कालबैशाखी', प्रसिद्धच आहेत. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळात कोलकात्यात वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर गेला होता. असा वारा सहा फूट लांब-रुंद सलग फळीवर दोनशे किलोच्या आसपास रेटा देतो. म्हणून उघड्या बाजूला अगदी बंद कुंपण न घालता फळ्यांत थोड्या फटी ठेवाव्यात, किंवा वरचा फूटभर भाग जाळीचा करावा. वारा निसटून गेला की खांब वाचतात.

पावसाळ्यात बेहालाच्या कित्येक गल्ल्यांत पाणी साचते. कुंपण जमिनीला टेकवले तर तुमच्या अंगणातले पाणी अडेल, नाहीतर शेजाऱ्याच्या दारात तुंबेल. दोन्ही वाईटच. खाली तीन-चार इंच मोकळे सोडा आणि मांजरे-कुत्री शिरत असतील तर तेथे तारेची जाळी लावा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. प्रत्येक पोकळ खांबावर टोपी घट्ट बसलेली हवी. टोपी उडालेल्या खांबात पावसाचे पाणी साचले की डेंग्यूच्या डासांना आयते घर मिळते. बांबूच्या तुटक्या पेरांतही हेच होते. ती वाळूने भरून टाकावीत. पावसाळ्यात दर आठवड्याला कुंपणाभोवती एक फेरी मारण्याची सवय ठेवा. विनाइलवर शेवाळ धरले तर साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. उरलेले तुकडे मात्र कधीही जाळू नका. पीव्हीसीच्या धुरात छातीला घातक असा आम्लाचा वायू असतो.

शेजारणीला आधी सांगा

हे सगळे झाले तरी खरे काम उरतेच. कुंपण रातोरात उभे राहिले की पलीकडच्यांना वाटते, हे आपल्याला तोडू पाहत आहेत. म्हणून खड्डे खणण्यापूर्वी शेजारी जाऊन सांगावे, "बौदी, मागे आडोसा करून घेते आहे. तुमच्याकडे पाणी तुंबणार नाही, हे पाहीनच. तुमच्या वेलीला हवा असेल तर आमच्या कुंपणाचा आधार घ्या." एवढ्या दोन वाक्यांनी पुढचे कितीतरी तंटे टळतात. हद्दीबद्दल शंका असेल तर अमीन बोलावून दोघांसमक्ष मोजणी करून घ्यावी. एक कट्ठा म्हणजे ७२० चौरस फूट. अशा लहानशा जागेत फूटभर सरकलेले कुंपणही पिढ्यान्‌पिढ्या बोचत राहते. कुंपण आपल्या हद्दीच्या आतच घालावे आणि उंचीचे नियम पालिकेच्या बरो कार्यालयात आधी विचारून घ्यावेत.

स्वतःच्या अंगणात संकोचाशिवाय वावरता यावे, ही काही चैन नव्हे, आणि त्यासाठी खर्च करताना कोणत्याही गृहिणीने अपराधी वाटून घेऊ नये. मात्र अडवायची आहे ती नजर. वारा, पाणी आणि शेजारणीची हाक यांना वाट ठेवली, तर ते कुंपण दोन्ही घरांना सोयीचे ठरेल.