विसर न पडलेला दुष्यंत

मोरोपंतांविषयी लिहिताना मराठी समीक्षा यमक, अनुप्रास आणि संस्कृतप्रचुरता यांपलीकडे फारशी जात नाही. कऱ्हेकाठच्या बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, या पंडित कवीने अठराही पर्वे आर्यावृत्तात उतरविली. त्यांतील आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत उभी राहते. आर्याभारताच्या चर्चेत मात्र तिला क्वचितच जागा मिळते.

कारण मराठी मनातील शकुंतला कालिदासाची आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले (त्या रात्री पहिले चारच अंक झाले), आणि पुढे दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी सर्वपरिचित झाली. शापाने राजा निर्दोष ठरतो. शिवाय कालिदासाची शकुंतला राजसभेत येते ती गर्भवती असताना. पुत्र भेटतो तो सातव्या अंकात, बापाचा पश्चात्ताप होऊन गेल्यावर. नाकारणारा बाप आणि नाकारलेला मुलगा समोरासमोर येतच नाहीत.

व्यासांच्या कथेत शापही नाही, अंगठीही नाही. राजाला सारे आठवते, तरी तो ‘आठवत नाही’ म्हणतो आणि शकुंतलेच्या आईचाही, मेनकेचा, उद्धार करतो. सर्वदमन हे ऐकत उभा आहे. आकाशवाणी झाल्यावर राजा सांगतो की, हे आपणास ठाऊकच होते. केवळ हिच्या शब्दावर मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. या खुलाशाला राजधर्म म्हणणे पटत नाही. लोकापवादाचे भय राजाला, आणि त्याची झळ मात्र मायलेकरांना!

बारामतीच्या वाड्याला हा पेच परका नव्हता. नाईक हे पेशव्यांचे सोयरे. बाबूजींचे बंधू आबाजी यांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली होती. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेर बहादूर याला बापाने नाकारले नव्हते. तरीही पेशव्यांच्या कुळात त्याला स्थान मिळाले नाही. १७६१ साली पानिपतावर त्याच कुळासाठी लढताना तो घायाळ झाला व त्या जखमांनीच गेला. यावरून कवीच्या हेतूविषयी अनुमान काढणे अप्रशस्त होय. पण वाड्यातील श्रोत्यांच्या कानी शकुंतलेचे बोलणे निव्वळ पुराण म्हणून पडले असेल, असे मानणे कठीण आहे.

बारामती-इंदापूरकडील अध्यापकांनी तरी ‘शाकुंतला’चा पाचवा अंक शिकविताना आदिपर्वातील या आर्या वर्गात शेजारी ठेवाव्यात. यमके नंतर मोजता येतील.