लागू नसेल ते खोडा

वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक दावा करायचा तर नमुना ‘अ’ भरावा लागतो. स्वतःचे नाव, नवऱ्याचे किंवा बायकोचे, आईवडिलांचे, मग पत्ता, गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा. हे आठ रकाने कुणीही भरेल. नववा मात्र दोन तोंडांचा आहे. वर ‘अनुसूचित जमात : होय / नाही’ आणि त्याच्या खाली ‘इतर पारंपरिक वननिवासी : होय / नाही’. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात या एका रकान्यापाशी शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

सिद्दी कुटुंब पहिल्या ओळीवर ‘होय’ लिहिते. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे आणि पोट जंगलावर आहे, एवढे त्याने दाखवायचे. पलीकडच्या वाडीवरचे कुणबी कुटुंब त्याच जंगलात राहते, तीच कंदमुळे लावते, त्याच पावसात भिजते. पण कर्नाटकाच्या यादीत कुणबी ही अनुसूचित जमात नाही. ती मागणी वर्षानुवर्षे पडून आहे. म्हणून त्याला दुसऱ्या ओळीवर ‘होय’ लिहावे लागते. त्या ओळीमागे आणखी एक अट उभी असते : २००५च्या त्या तारखेआधी तीन पिढ्यांचा रहिवास, आणि कायद्याने पिढी मोजली आहे २५ वर्षांची. म्हणजे ७५ वर्षे. हिशेब थेट डिसेंबर १९३०पर्यंत मागे जातो. तेव्हा कर्नाटक राज्य नव्हते. हा भाग मुंबई इलाख्यात होता आणि तालुक्याला सुपा म्हणत. घाट उतरून गोव्यात गेले, की तिथला कुणबी २००३पासून अनुसूचित जमातीत आहे.

एका उत्तरावरून पुढची वाट बदलण्याच्या या प्रकाराला सॉफ्टवेअर करणारे ‘कंडिशनल लॉजिक’ म्हणतात. एका रकान्यात काय उत्तर आले त्यावरून पुढचा रकाना दिसेल की लपेल, सक्तीचा होईल की ऐच्छिक राहील, त्यात कोणते पर्याय येतील, हे आधीच ठरवून ठेवायचे. गणेशगुडीच्या एखाद्या होमस्टेने नोंदणीचा अर्ज संगणकावर केला, तर ‘पाहुणा भारतीय आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटल्यावर पासपोर्ट आणि व्हिसाचे रकाने उघडायला हवेत, कारण परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. पुण्याहून राफ्टिंगला आलेल्या कुटुंबाला ते रकाने दिसताही कामा नयेत. गूगल फॉर्म्समध्ये, झोहोमध्ये, हिशेबाच्या किंवा मनुष्यबळाच्या बऱ्याच प्रणालींत हे काम दहा मिनिटांत जमते. त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही, म्हणून ते कचेरीतला कुणीही करून टाकतो. खरी काळजी तिथेच सुरू होते.

ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. ‘लागू नसेल ते खोडा’ हे वाक्य मराठी माणसाने शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत पाहिलेले आहे. फरक एवढाच की तिथे खोडण्याचे काम अर्जदाराच्या हाती होते. दोन्ही लागू असतील तर तो दोन्ही ठेवी. एकही लागू नसेल तर समासात बारीक अक्षरात खरे काय ते लिही, आणि कारकून कुरकुरत का होईना ते वाचे. संगणकाच्या अर्जात खोडणारा बदलला. अर्ज भरणारा समोर येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी बंगळूर-मुंबईत बसून त्याच्यासाठी काय लागू नाही ते खोडून ठेवलेले असते. अर्जदाराला खोडलेले दिसतसुद्धा नाही.

आता नववा रकाना पडद्यावर उतरवायचा म्हटला तर काय काय बिघडू शकते ते पाहावे.

बहुतेक जण यादीपासून सुरुवात करतील : जमात निवडा. पण अनुसूचित जमातीची यादी जमातीच्या नावावर संपत नाही, तिला जागा आणि तारीखही असते. उत्तर कन्नडमधले सिद्दी २००३ साली यादीत आले. लगतच्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२०च्या दुरुस्ती कायद्याची वाट पाहावी लागली. म्हणजे मधली सतरा वर्षे जोयड्याच्या सिद्दीचे उत्तर ‘होय’ आणि खानापूर तालुक्यातल्या त्याच्या सोयऱ्याचे ‘नाही’ असे होते. ज्याने ‘सिद्दी असेल तर अनुसूचित जमात’ एवढाच नियम लिहिला त्याचा अर्ज २०१० साली बेळगावात चुकला असता. ज्याने नियमात फक्त उत्तर कन्नडचे नाव घातले आणि नंतर फाइल उघडलीच नाही, त्याचा आज चुकेल. नियमाला जिल्हा हवा, लागू होण्याची तारीख हवी, आणि यादी बदलली की नियम बदलणारा एक जबाबदार माणूस हवा. बऱ्याच कचेऱ्यांत हा तिसराच सापडत नाही.

त्याहून घातक चूक ७५ वर्षांची. ही अट रहिवासाची आहे. नेमक्या त्या तुकड्यावर ७५ वर्षांचा ताबा असावा असे कायदा म्हणत नाही. ताब्यासाठी तारीख २००५चीच आहे, आणि केंद्रीय आदिवासी मंत्रालयानेही तसा खुलासा केला आहे. तरीही उत्तर कन्नडमध्ये पारंपरिक वननिवासींचे दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले, आणि त्यामागे ७५ वर्षांचा पुरावा नाही हे कारण पुन्हा पुन्हा येते. कागदावर ही गफलत एकेका अधिकाऱ्याची असते. तिच्याविरुद्ध अपील करता येते, दुसऱ्या तालुक्यातला अधिकारी शहाणा निघू शकतो. तीच गफलत अर्जाच्या नियमात शिरली, म्हणजे ७५ वर्षांची अट ‘गावातला रहिवास’ या रकान्याऐवजी ‘जमिनीचा ताबा’ या रकान्याला जोडली गेली, की ती एका दिवसात सगळ्या जिल्ह्याला लागू होते. अर्ज फेटाळलाही जात नाही, तो पुढेच सरकत नाही. जो अर्ज दाखलच झाला नाही त्यावर अपील कशाचे करायचे?

मग येतात पुरावे. वनहक्क कायद्याखालच्या नियम १३मध्ये त्यांची लांबलचक यादी आहे : गॅझेटियर, जनगणना, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, घर, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचे लेखी घेतलेले जबाब. यांपैकी एकाहून अधिक पुरावे असले की पुरे. २०१२च्या दुरुस्तीने तर बजावले आहे की अमुकच कागद आणा असा आग्रह समित्यांनी धरू नये, आणि उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी नाही. ही सगळी ‘किंवा’ची भाषा आहे. अर्जाची मांडणी करणाऱ्याचा हात मात्र ‘आणि’कडे वळतो, कारण ‘आणि’ सोपे असते : प्रत्येक रकान्यासमोर लाल फुली मारली की झाले. ‘यांपैकी कोणतेही दोन’ असा नियम बांधायला मोजणी लावावी लागते. त्यासाठी फार तर अर्धा तास जास्त जातो, आणि तेवढ्या आळसाने कायद्याचा अर्थ उलटा होतो.

जोयड्यात तर या यादीतल्या काही गोष्टी पाण्याखाली आहेत. काळी नदीवरच्या सुपा धरणाने जुने सुपा गाव बुडवले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, विस्थापित रामनगरला आणि इतरत्र गेले. विहीर, स्मशान, देऊळ यांचे जागेवरून काढलेले, अक्षांश-रेखांशासह छायाचित्र सक्तीचे केले तर या माणसांनी ते होडीतून काढायचे काय? मूळ नमुन्याने त्यांचा विचार केला होता. नमुना ‘अ’मध्ये ‘भरपाई न देता जिथून विस्थापित केले ती जमीन’ असा वेगळा रकाना आहे. तो भरला की छायाचित्राची सक्ती आपोआप उठावी आणि वृद्धांच्या जबाबाचा रकाना वर यावा : कंडिशनल लॉजिकचा इतका चांगला उपयोग शोधून सापडणार नाही.

सोयीसाठी बांधलेली अट माणसाला कशी अडवते याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रात घडले. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. लाभार्थीच्या आधारनंतर पती किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला जाई. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नव्हते, ज्यांचा घटस्फोट झाला होता, त्या तिथेच अडकल्या. पुढे सरकारला मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली आणि अशा बहिणींसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची वाट काढावी लागली. योजनेच्या पात्रतेत विधवा आणि परित्यक्ता पहिल्या दिवसापासून होत्या. योजनेत असलेली माणसे अर्जात नव्हती, एवढेच.

नमुना ‘अ’च्या त्याच नवव्या रकान्यात असा आणखी एक गुंता दडलेला आहे. इतर पारंपरिक वननिवासीचा पती किंवा पत्नी अनुसूचित जमातीची असेल, तर त्या जोडीदाराचे प्रमाणपत्र जोडावे असे तिथे म्हटले आहे. आता जोयड्याच्या कुणब्याची बायको गोव्यातली असली तर? तिच्याकडे गोव्याचे प्रमाणपत्र असू शकते. पण एका राज्याची जमात दुसऱ्या राज्यात तशीच चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात सांगितले. मग अर्जाने ‘होय’ मानायचे की ‘नाही’? दोन्ही मानू नये. ‘प्रमाणपत्र कोणत्या राज्याचे?’ एवढे विचारून अर्ज समितीकडे पाठवावा. निकाल देणे ग्रामसभेचे, उपविभागीय आणि जिल्हा समितीचे काम आहे. रकान्याने त्यात नाक खुपसू नये.

बाकीचे दोष कारागिरीचे आहेत, पण त्रास तेवढाच देतात. लपवलेला रकाना सक्तीचाच राहून जातो, मग अर्ज ‘अपूर्ण’ म्हणत राहतो आणि कुठे अपूर्ण ते दाखवत नाही. कुणी आधी ‘होय’ म्हणून तपशील भरतो, नंतर ‘नाही’ करतो. तपशील पडद्यावरून जातो, पण नोंदीत तसाच राहतो आणि सहा महिन्यांनी विसंगती म्हणून त्याच्याच अंगावर येतो. ‘माहिती नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘भरायचे राहिले’ या तिन्हींसाठी एकच रिकामी चौकट असते. शिवाय काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. प्रत्येक उत्तरानंतर पुढचा रकाना कोणता हे सर्व्हरला विचारणारा अर्ज तिथे वाडीच्या अलीकडेच अडतो. ओडीकेसारखी मोफत साधने कितीतरी वर्षांपासून हे सगळे नियम फोनमध्येच ठेवतात आणि रेंज मिळाल्यावर माहिती पाठवतात, त्यामुळे ही सबबही उरलेली नाही.

संगणकाला नकार देण्यात अर्थ नाही. जोयड्याहून कारवारला खेटे घालणाऱ्याला कागद किती प्रिय असतो ते त्यालाच विचारावे. मध्य प्रदेशाने २०१९मध्ये फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांच्या फेरतपासणीसाठी ‘वनमित्र’ पोर्टल काढले, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न तिथेही उठलाच. जिथे जिथे हे अर्ज पडद्यावर येतील, तिथे त्यांचे सगळे ‘जर’ आणि ‘तर’ साध्या भाषेत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. जोयड्यात कन्नडबरोबर कोकणी आणि मराठीतही. अर्ज सुरू करण्याआधी एक सिद्दी, एक कुणबी, एक गवळी आणि रामनगरचा एक विस्थापित यांना बसवून तो शेवटपर्यंत भरून पाहावा. जिथे त्यांच्यातला एकही अडेल, तिथला नियम काढावा.

आणि एक विनंती. नमुना ‘अ’चा शेवटचा रकाना ‘इतर काही माहिती’ असा आहे. पडद्यावर उतरवताना तो वगळू नये, कोणत्याही उत्तराने तो लपू नये आणि त्याला अक्षरांची मर्यादा घालू नये.