पाहुणा चालतो, जावई नाही

कॉलेजात ‘ऑथेल्लो’ शिकवताना आमच्या सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : मत्सर. परीक्षेत तोच शब्द फुलवून मीही पास झालो. संशयी नवरा, हरवलेला रुमाल, कारस्थानी इयागो, झाली शोकांतिका! परवा मुलीच्या अभ्यासाच्या निमित्ताने ते नाटक पुन्हा हाती घेतलं आणि पहिल्याच प्रवेशात अडखळलो.

त्या सबंध प्रवेशात नायकाचं नाव कुणी घेतच नाही. तो नुसता ‘मूर’. त्याच्या ओठांवरून, रंगावरून टवाळी चालते, त्याला जनावरांच्या उपमा दिल्या जातात. ‘ऑथेल्लो’ हे नाव आपल्या कानावर पडतं ते थेट तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसच्या ड्यूकच्या तोंडून. तेही का, तर तुर्कांशी लढायला सेनापती हवा म्हणून!

पण मला खरं अस्वस्थ केलं ते डेस्डिमोनाच्या वडिलांनी, ब्रबँशिओने. हा काही खलनायक नव्हे. चांगला प्रतिष्ठित गृहस्थ. ऑथेल्लोला तो आवर्जून घरी बोलावतो, त्याच्या लढायांच्या, गुलामगिरीतून सुटल्याच्या हकिकती विचारून विचारून ऐकतो. मुलीने त्याच्याशीच लग्न केल्याचं कळताच मात्र हा म्हणतो, चेटूक केल्याशिवाय माझी मुलगी असल्या माणसाकडे बघणारच नाही. आणि जाता जाता जावयाला बजावतो, जी बापाला फसवते ती तुलाही फसवील.

पुढे इयागो नेमकं हेच ऑथेल्लोच्या कानात घालतो. विष त्याला नव्याने घोटावं लागत नाही; ते त्या घरंदाज घरातच तयार असतं. आपल्या देशाची, रंगाची, तोलामोलाची स्थळं नाकारणारी मुलगी सरळ कशी असेल, एवढीच पुस्ती तो जोडतो. ऑथेल्लोला ते पटतं. आपण काळे आहोत म्हणून तर असं झालं नसेल ना, असं तो मनाशी म्हणतो, तिथेच घात होतो. रुमालाचं निमित्त नंतरचं.

नाटकाबाहेरही हेच घडलं. १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आयरा आल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने ऑथेल्लो उभा केला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याच्या रंगावरून गहजब केला. तिथे त्याचे दोनच प्रयोग झाले. युरोपने पुढे त्याला डोक्यावर घेतलं. १८६७ साली तो पोलंडमध्ये वारला. त्याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी हे नाटक मराठीत आणलं. पुढे देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’त (२००६) रंगाच्या जागी जात आली. नायकाची आई खालच्या मानलेल्या जातीची, एवढं कळलं की आपल्या प्रेक्षकाला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

हे सगळं मी मुलीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तिने शांतपणे विचारलं, “बाबा, ब्रबँशिओच्या जागी तुम्ही असता तर?”

“मी होच म्हटलं असतं,” मी म्हणालो. पण उत्तराला क्षणभर उशीर झाला, आणि तो तिच्या लक्षात आला.

सरांनी फळ्यावर लिहिलेला शब्द चुकीचा नव्हता. पण मत्सर हा ऑथेल्लोचा दोष म्हणून आम्ही मोकळे झालो. ब्रबँशिओबद्दल प्रश्नच विचारला गेला नाही. तो विचारला असता, तर उत्तर आपापल्या घरात शोधावं लागलं असतं.