थांब म्हटलं की थांबणारा राक्षस

मे महिन्यात मी बहिणीकडे खामगावला गेलो होतो. ऊन असं, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाचेबुवा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेले. स्वयंपाकघरातून हाक आली, "जेवाले चाल रे!" यानं ठरलेलं उत्तर दिलं, "थांब ना आई, मध्येच सोडलं तर मरून जाईन मी!"

मी डोकावून पाहिलं. पडद्यावर निळ्या थेंबासारखा एक राक्षस हसत उभा होता. नुसताच उभा! मी म्हटलं, "अरे, हा तर तुझी वाट पाहतोय. तू तासभर जेवलास तरी जागचा हलणार नाही." भाचा चपापला. चोरी पकडली गेली होती ना!

आई मात्र खरंच वैतागली होती. "आज हा गेम मोबाइलवरून काढून टाकते," म्हणाली. भाच्याचे डोळे भरून आले. मग मी म्हटलं, "ताई, आधी मी खेळून बघतो. मग निकाल देऊ."

हा खेळ म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट'. जपानच्या एनिक्स कंपनीनं तो १९८६ साली आणला. रचना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची. होय, 'ड्रॅगन बॉल'वालेच! आता तो मोबाइलवरही खेळता येतो. तुम्ही एक वीर व्हायचं, गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलून माहिती काढायची आणि शेवटी ड्रॅगनराजाला हरवायचं. लढाई बुद्धिबळासारखी आळीपाळीनं. आधी तुम्ही ठरवायचं, वार करू, मंत्र म्हणू, औषध घेऊ की पळ काढू? मग राक्षसाची खेळी.

माझी बोटं काही चपळ नाहीत. पळापळीच्या गेममध्ये मी दोन मिनिटांत बाद होतो. इथं मात्र टिकलो, कारण घाईच नाही. आजोबांनाही खेळता येईल असा हा गेम! हा त्याचा पहिला गुण.

दुसरा गुण म्हणजे हिशेब. मूळ खेळात सुरुवातीला हाती १२० मोहरा असतात. दुकानात तांब्याची तलवार १८० ला, सोटा ६० ला, कातडी चिलखत ७० ला. सोटा आणि चिलखत दोन्ही घ्यावं तर दहा मोहरा कमी पडतात! म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं. सांगा बरं, तुम्ही काय घ्याल?

तिसरा गुण मला सर्वांत आवडला. हरलात तर निम्म्या मोहरा जातात, पण मिळवलेला अनुभव जात नाही. परीक्षेत गुण कमी पडले तरी शिकलेलं कुठं जातं? तसंच.

आता दोषही सांगायला हवेत. मूळ खेळात त्या निळ्या थेंबाला, म्हणजे स्लाइमला, हरवलं की अनुभवाचा एकच गुण मिळतो, आणि दुसऱ्या पायरीवर जायला ७ गुण लागतात. पायऱ्या एकूण ३०! पुढचे राक्षस जास्त गुण देतात खरे, पण पायऱ्याही महाग होत जातात. मग तेच राक्षस, तेच बटण, पुन्हा पुन्हा. लढाई नेहमी एकास एक, त्यामुळे बऱ्याचदा 'वार' दाबण्यापलीकडे विचारच उरत नाही. मी घड्याळ पाहिलं तर पाऊण तास गेलेला, आणि त्यात डोकं चाललं असेल जेमतेम दहा मिनिटं!

म्हणजे बघा, हा खेळ विचार करायला वेळ देतो, आणि मग विचार न करण्यातच आपला वेळ खाऊन टाकतो.

म्हणून निकाल असा दिला. गेम काढायचा नाही. पण आईची हाक आली की मोबाइल खाली, कारण राक्षस थांबतो आणि भाकरी गार होते. दुसरं म्हणजे, बोट चालतंय पण डोकं चालत नाही असं वाटलं, की त्या दिवसाचा खेळ बंद. हे ज्याचं त्यानं प्रामाणिकपणे ओळखायचं. पालकांनो, "किती वेळ खेळलास?" यासोबत "आज काय ठरवलंस?" असंही विचारून पाहा.

संध्याकाळी आम्ही कागदावर आपलाच खेळ बनवला. खामगावहून निघायचं, घाट चढून चिखली, मग मेहकर आणि शेवटी लोणार. तिथं राक्षस आपल्या जिल्ह्याचाच, लवणासुर! विष्णूनं त्याला मारल्याची कथा लोणारला सांगतात, आणि तिथलं दैत्यसूदन मंदिर तर प्रसिद्धच आहे. लढायला एक फासा आणि जोंधळ्याचे वीस दाणे, म्हणजे आपली ताकद. नियम दोन. एका राक्षसाशी एकदाच लढायचं, आणि प्रत्येक राक्षसाची खोड वेगळी ठेवायची. कुणी वारानं हरेल, कुणी फक्त कोडं घालून. म्हणजे दर खेपेला विचार करावाच लागतो.

तुम्हीही आपल्या तालुक्याचा नकाशा काढून करून बघा. आमच्या घरी लवणासुराला कुणी हरवलं म्हणता? भाच्याच्या आईनं! आणि त्या रात्री "जेवाले चला" अशी हाक द्यायला कुणी उरलंच नव्हतं.