डॉक्टरीचा विद्यार्थी मास्तर झाला तर बिघडलें कोठें?

आमच्या शेतकरी व कारागीर घरांतला मुलगा डॉक्टरीच्या कॉलेजांत गेला कीं त्याच दिवशीं त्याच्या दवाखान्याची जागा ठरते. बाजारपेठेंत गाळा, वर नांवाची पाटी, बाहेर रोग्यांची रांग! त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्या घरानें जमीन गहाण टाकून मुलास शिकविलें त्यानें चार पैशांची आशा कां करूं नये? परंतु त्याच मुलानें "मला कॉलेजांत राहून शिकवावेंसें वाटतें" असें म्हटलें कीं घरांत सुतक पडतें. "मास्तरच व्हायचें होतें तर एवढें कशाला शिकलास?" हा प्रश्न मास्तरकीवर वीस वर्षें पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यास ऐकावा लागतो, तो भाग वेगळा.

आमच्या शाळेंतून गेलेला एक लोहाराचा मुलगा सध्यां अशाच पेंचांत आहे. प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ सालापासून मराठींतून देतां येते. पण आंत गेल्यावर सगळा कारभार इंग्रजी. पहिल्या वर्षीं शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे विषय येतात, आणि हाडांशिरांचीं नांवें ऐकून मराठी शाळेंतलीं हुशार मुलेंही मुकीं होतात. शंका विचारावयाची तर ती इंग्रजींत, म्हणून ती पोटांतच राहते. हा मुलगा दुसऱ्या वर्षास गेल्यावर वसतिगृहांतल्या अशा पांचसहा जणांस रात्रीं जेवणानंतर समजावून सांगूं लागला. नांवें इंग्रजीच ठेवलीं, कारण परीक्षा त्यांतच; समजूत मात्र मराठींत.

हृदयाच्या झडपा सांगतांना त्यानें बापाचा भाता घेतला. भात्याला चामड्याची झडप असते. ती वारा आंत घेते, पण भाता दाबल्यावर त्याच वाटेनें मागें जाऊं देत नाहीं. हृदयाची झडपही रक्त एकाच दिशेनें सोडते, आणि ती नीट मिटेनाशी झाली कीं रक्त मागें गळतें. मानेंतून हातांत उतरणाऱ्या मज्जातंतूंचें जाळें म्हणजे तर नव्या मुलांचा काळ. पांच मुळांचे तीन बुंधे, प्रत्येकाचे दोन फांटे, त्या सहांच्या पुन्हां तीन दोऱ्या, आणि त्यांतून हाताच्या पांच मोठ्या शाखा. यानें पाटाचें पाणी कसें फुटतें व पुन्हां कसें मिळतें तें जमिनीवर खडूनें काढून दाखविलें. कोठें पाट फुटला तर कोणतें वावर कोरडें पडेल हें ज्याला कळतें, त्याला कोठें दुखापत झाल्यास हाताचा कोणता भाग लुळा पडेल हेंही कळतें.

एकदां एकानें विचारलें, "हृदयाच्या पोटांतून एवढें रक्त वाहतें, मग त्याला स्वतःच्या वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला?" शिकविणारा गप्प. पाठ सर्व होतें, हें नव्हतें. पुस्तक उघडलें तेव्हां उलगडलें कीं हृदयाची भिंत इतकी जाड, कीं पोटांतलें रक्त तिच्यांत खोलवर पोंचत नाहीं. म्हणून महारोहिणीच्या मुळाशींच दोन वाहिन्या फुटून त्या भिंतीला पोसतात, आणि त्या तुंबल्या कीं झटका येतो. परीक्षा उतरल्याच्या दिवशीं झाला नव्हता एवढा आनंद त्या रात्रीं झाला, असें तो मला सांगत होता. तेथेंच त्याची वाट बदलली.

मुलांनीं मुलांस शिकविणें ही युक्ति विलायतेची नव्हे. १७८९ सालापासून मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेवर असलेल्या ॲन्ड्र्यू बेल या पाद्र्यानें देशी शाळेंतलीं मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना पाहिलीं. मग आपल्या शाळेंतल्या मोठ्या मुलांकडून तो लहानांस शिकवूं लागला, १७९७ सालीं लंडनांत त्यानें त्यावर पुस्तक छापलें, आणि तिकडे तिला 'मद्रास पद्धति' म्हणूं लागले. ती फैलावली ती स्वस्त म्हणून: एका मास्तरावर शेंकडों मुलें. हा धोका ध्यानांत ठेवावा. मुलें एकमेकांस शिकवितात म्हणून अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवणारी संस्था चोर समजावी.

डॉक्टर हा शब्दच लॅटिनांतल्या 'शिकविणें' या धातूपासून निघाला आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नांवानें चालणाऱ्या शपथेंत गुरूच्या मुलांस फी न घेतां विद्या द्यावी असें आहे; पण शपथ न घेतलेल्यास देऊं नये असेंही आहे. विद्येला कुलूप लावण्याची खोड एकट्या आमच्या देशांतली नव्हे! जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें याच्या उलट मागणें केलें. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांची गरज ओळखतील. हें डॉक्टरीच्या कॉलेजास कां लागू नसावें? भात्याची उपमा देणारे अध्यापक तेथें किती आहेत?

बापाचा हिशेब मात्र रोखठोक आहे, व तो हंसण्यावारी नेऊं नये. साडेचार वर्षें कॉलेज, एक वर्ष इस्पितळांतली उमेदवारी, मग शरीररचनेंत एम. डी. करावयाचें तर आणखी तीन. चालत्या दवाखान्याएवढी कमाई अध्यापकींत नाहीं, हें मीं त्यास स्पष्ट सांगितलें. पण पगार महिन्याचे महिन्यास येतो, आणि या विषयाकडे वळणारे थोडे असल्यानें एम. डी.ची जागा त्यामानानें सुलभ मिळते. तो म्हणाला, "गुरुजी, पण गांवांत डॉक्टर नाहीं त्याचें काय?" याला माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. एवढेंच म्हणालों कीं याच्या दवाखान्यानें एक गांव सांभाळलें जाईल. यानें शिकविलेल्यांतले दोनचार जरी गांवाकडे आले तरी तूट भरून निघेल.

कॉलेजांनींही थोडें करावें. वसतिगृहांत रात्रीं एक खोली अशा मुलांसाठीं उघडी ठेवावी, तेथें हाडांचा एक संच असावा, आणि महिन्यांतून दोनदां कोणी अध्यापकानें मागें बसून काय सांगितलें जातें तें ऐकावें. कारण येथें चुकीचें शिकविलें गेलें तर तें पुढें रोग्याच्या अंगावर येतें.